अवसेचं माप

त्या काळी देशातले मोठे कॉम्प्युटर एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते, आणि त्यातल्या एकावर मला काही तास हवे होते. माझी मागणी एवढीच होती. पण तेवढ्यासाठी देशभरातली माणसं रांगेत असायची. अणूचा अभ्यास करणारे, ताऱ्यांचा करणारे, मान्सूनचा करणारे, विमानाच्या पंखावरून वारा कसा वाहतो ते पाहणारे. त्यांच्या मागे मी, कामरगावच्या विहिरी काखोटीला मारून.

वर्षातून दोनदा मुंबईत एक समिती बसायची आणि मशीनचे तास वाटायची. अर्जात लिहावं लागे की तुमचं गणित काय, किती तास लागतील, ते लहान मशीनवर का होत नाही, त्यातून देशाचं काय भलं होईल, आणि आकडे कुणी गोळा केले. देशाच्या भल्यावर मी पानभर लिहिलं होतं. शेवटच्या प्रश्नाला मात्र दोनच शब्द दिले होते, 'विहीरमालकांनी मोजले'. पुढे त्या दोन शब्दांनीच माझा जीव खाल्ला.

आज ज्याला वाशीम जिल्हा म्हणतात तो तेव्हा अकोल्यातच होता. आमचं घर कामरगावात, बौद्धवाड्यात. वडील शाळेत शिपाई होते आणि आई शेतमजुरीला जायची. मी नागपुरात शिकत होतो आणि शिष्यवृत्तीवर भूजलाचं संशोधन करत होतो. ही शिष्यवृत्ती येत्या उन्हाळ्यात संपणार होती. तोवर मोठ्या मशीनवर गणित झालं तर पीएचडी, नाहीतर तालुक्याच्या कचेरीत कारकुनी, आणि तिथे माझ्यासाठी शब्दही टाकून झाला होता. कारकुनीत वाईट काही नाही, पण मला ती नको होती. मला ते गणित सुटलेलं पाहायचं होतं, आणि याहून मोठं कारण माझ्यापाशी तेव्हाही नव्हतं.

गणित असं होतं. आमच्याकडे मातीखाली काळा खडक, आणि पाणी राहतं त्याच्या भेगांत. दुष्काळ नुकताच होऊन गेला होता आणि जो तो आपली विहीर आणखी खोल करत सुटला होता. एकाने सुरुंग लावून चार हात खाली जावं, की शेजारच्याची आटलीच. म्हणजे कामरगावापासून शेलूबाजारापर्यंतच्या त्या पट्ट्यात किती विहिरी किती खोल गेल्या की सगळ्यांचंच पाणी जाईल, हा माझा प्रश्न होता. कुठलीही विहीर एकटी नसते. प्रत्येकीचं पाणी शेजारणीवर अवलंबून, म्हणून सगळ्यांची समीकरणं एकदम सोडवावी लागतात, आणि महिना बदलला की पुन्हा पहिल्यापासून. नागपूरच्या लहान मशीनमध्ये चार विहिरी घातल्या तर ते निमूट काम करायचं. सगळा पट्टा घातला की अडेल बैलासारखं बसून राहायचं.

आकडे मात्र माझ्याकडे सोन्यासारखे होते, आणि ते मिळाले एका चुकलेल्या एसटीमुळे. सुरुवातीला मी शहाण्यासारखा दर एक तारखेला माप घेत होतो. पण एक तारखेला कुणाचं इंजन चालू, कुणाची मोट सुरू, कुणी नुकतंच ओलित करून बसलेला. पाणी कधी वर, कधी खाली, ताळमेळ नाही. एकदा गाडी चुकली म्हणून दुसऱ्याच दिवशी पोचलो, तर सगळं शिवार गप्प होतं. त्या दिवशी अमावस्या होती. आमच्याकडे अवसेला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आणि नवीन आलेल्या इंजनांनाही लोकांनी तीच सुटी लावून दिली होती. विहिरी रात्रभर आणि दिवसभर विसावा घेत होत्या. पाणी आपल्या खऱ्या पातळीला येऊन थांबलेलं होतं, आणि मला नेमकी तीच पातळी हवी होती. त्या दिवसापासून मी तारखा सोडल्या आणि अवस धरली.

वडिलांना हे मुळीच पटलं नाही. धर्मांतर झालं तेव्हा त्यांनी देव, उपास, अवस सगळं एका दिवसात टाकलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

"आमी अवस सोडली," ते म्हणाले, "अन् तू नागपुरात इतकं शिकून तिच्याच मागं लागला. पुनव तरी धराची."

"पुनवेले बैल सुटे नसतात, बाबा."

"मंग बैलाच्या धर्मानं चाल्ला म्हण तू."

ते चेष्टेत म्हणाले, पण दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मापाची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथेच अडलं. शेलूबाजारच्या अलीकडे एका शेतात माझ्या पट्ट्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यात खोल विहीर होती. मालकीण विधवा होती, वयानं माझ्या आईएवढी. मी तिला काकी म्हणायचो, ती मला बापू म्हणायची. मी विहिरीपासून थोडा दूर, चिंचेच्या सावलीत उभा राहायचो. काकी आपल्या दोराला दगड बांधून तो खाली सोडायची. दगड पाण्याला टेकला की काठाशी दोराला चिंधी बांधायची, दोर वर ओढायची आणि जमिनीवर सरळ अंथरायची. मग मी पुढे होऊन दोराशेजारी माझा पोलादी टेप अंथरायचो. दोर आणि टेप यांच्यात वीतभर अंतर. ते अंतर कुणी ठरवलं नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. बहुतेक विहिरींवर असंच चालायचं; अवसेच्या एका दिवसात जिथे पोचणं होत नसे तिथले मालक चिंधी बांधून दोर ठेवून द्यायचे आणि टेप मी दुसऱ्या दिवशी लावायचो. माझा टेप पाण्यात गेला असता तर काय झालं असतं हे लहानपणापासून मला ठाऊक होतं. कायदा केव्हाच झाला होता, पण कायदा दोर धरायला विहिरीवर येत नाही.

या वीतभर अंतराचं मला तेव्हा फार दुःख होतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. माप बरोबर येत होतं ना, मग झालं. अंतरासकट मी कामाला लागलो होतो.

पहिला अर्ज नामंजूर झाला तो मात्र दुसऱ्याच कारणाने. कामरगावच्या पोस्टात कागद आला, त्यात मोजून दोन ओळी होत्या. एका वर्षात प्रत्येक विहिरीची तेरा मासिक मापं दाखवली आहेत, वर्षाला महिने बारा असतात, सबब आकडे विश्वासार्ह नाहीत.

मी पोस्टाच्या पायरीवर बसलो आणि हसायला लागलो, आणि मग माझं मलाच रडू आलं. त्या वर्षी धोंड्याचा महिना आला होता. अधिक मासाची एक अवस जास्तीची, म्हणून एक माप जास्तीचं. सासुरवाडीला जावई अनारसे खात होते तेव्हा मी विहिरी मोजत होतो. इतकी वर्षं लोक 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणतात, पण ती म्हण अंगावर आलेला माझ्याखेरीज दुसरा कुणी नसेल. मुंबईतल्या त्या माणसांच्या घरीही धोंड्याचे वाण दिले गेले असणार, पण समितीत बसताना माणूस आपलं घर बाहेर काढून ठेवतो.

नागपूरला माझे मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले, "एक रकाना काढून टाका. बारा ठेवा."

"सर, ते माप घेतलेलं आहे."

"मग तास मागू नका."

मी रकाना काढला नाही. यात काही तत्त्व वगैरे नव्हतं. मी चिडलो होतो. दुसऱ्या अर्जाला मी चांद्रमास, अधिक मास, बैलांची सुटी आणि विहिरींचा विसावा असं सगळं जोडलं. 'धोंड्याचा महिना' इंग्रजीत लिहिताना माझी जी दमछाक झाली ती समीकरणं मांडतानाही झाली नव्हती. अर्ज पाठवला आणि वाट पाहत बसलो. हिवाळा सरत आला होता. शिष्यवृत्तीचे महिने निघून चालले होते. जेवण जात नव्हतं. आई म्हणायची, "मशीन भेटीन तवा भेटीन, तू आंधी भाकर त खाय." मी तिच्यावर ओरडायचो.

मग बोलावणं आलं. समितीपुढे स्वतः येऊन सांगा.

खोली थंड होती आणि टेबल इतकं लांब की पलीकडच्या माणसाचा चेहरा नीट दिसत नव्हता. तेरा महिन्यांचं मी बोललो, आणि चांगलं बोललो. अवसेला विहिरी विसावतात हे ऐकून दोघं-तिघं पुढे सरकून बसले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात एकाने अर्जाचं शेवटचं पान उलटलं.

"मापं मालकांनी घेतली. तुम्ही स्वतः का नाही?"

मी प्रामाणिक उत्तर दिलं. दुसरं काही तयारच केलं नव्हतं. मी म्हणालो, "माझा टेप पाण्याला लागला तर ते विहीर उपसून टाकतील. मग मोजायला पाणीच उरणार नाही."

एक जण मोठ्यानं हसला. तो अणूवाला असावा. मोजायला जावं आणि मोजण्यानेच मोजायची गोष्ट बिघडावी, आमच्याकडे तर रोज हेच चालतं, असं काहीतरी तो शेजारच्याला म्हणाला, आणि सगळं टेबल हसलं. फार छान बोललात, अशा नजरेनं ते माझ्याकडे पाहत होते. मला इतका राग आला की कानात गरम वाटायला लागलं. मी विनोद केला नव्हता. पण ते खूश झाले होते आणि खूश समिती तास देते, हेही मला त्याच क्षणी कळलं, म्हणून मी उभाच राहिलो.

एक वयस्कर गृहस्थ हसले नाहीत. त्यांना कळलं होतं. ते माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "हे आता बेकायदेशीर आहे." जणू काही नियम मीच मोडत होतो. "तुम्ही स्वतः मोजलंच पाहिजे. तुमचा तो हक्क आहे." मग त्यांनी माझ्या नकाशावर पेन्सिल टेकवली. नेमकी काकीच्या विहिरीवर, कारण तिथली मापं सगळ्यात पूर्ण होती. "या विहिरीची पुढच्या दोन अमावस्यांची मापं स्वतःच्या हाताने घ्या. ती आल्यावर आम्ही ठरवू."

त्यांचा हेतू चांगला होता, हे मी आजही नाकारत नाही. चांगला हेतू घेऊन ते त्यांच्या घरी गेले आणि मी शेलूबाजारच्या गाडीत बसलो.

वाटेत कामरगावला घरी सांगितलं तेव्हा वडील ताठ झाले. "टाक नं मंग. कायले भेतं? कायदा हाय आपल्याकडून. म्या येतो संगं."

आई चुलीपुढून म्हणाली, "त्या बाईचं काय? तिले त तिच्याच घरात राहा लागते. तिले कायले फासावर चढवून राह्यले तुमी दोघं बापलेक?"

"मंग याचं शिक्षण?" वडील म्हणाले.

आईनं चुलीत लाकूड सारलं. दोघांचंही खरं होतं, आणि मला त्या दोघांपेक्षा मशीनचे तास जास्त हवे होते.

माघातल्या अवसेला मी एकटाच गेलो. काकीनं नेहमीप्रमाणे माप दिलं, दोर अंथरला, मी टेप अंथरला, आकडा लिहिला. मग मी तिला सगळं सांगितलं. मुंबई, समिती, म्हातारा गृहस्थ, पेन्सिल. ती दोर गुंडाळत ऐकत होती.

"म्हणजे माह्यावर भरोसा नाई त्याईचा," ती म्हणाली.

"तुमच्यावर नाई असं नाई, काकी. त्याईले माहा हात पायजे."

"अन् नाई टाकला त?"

"त मशीन भेटत नाई. मंग हे सारं माप, तुमचं, सगळ्याईचं, वाया."

तिनं शिवाराकडे नजर फिरवली. शेजारच्या शेतात तिच्या दिराचं झोपडं होतं, पण तिथे कुणी दिसत नव्हतं. दिराच्या पोरीचं लग्न केनवडला ठरलं होतं, तो त्याच धावपळीत होता.

"टाक," ती म्हणाली. "म्या पाह्यलंच नाई." आणि चिंचेखाली जाऊन ती माझ्याकडे पाठ करून बसली.

मी पहिल्यांदा त्या विहिरीच्या काठाशी गेलो. इतकी वर्षं तिचा प्रत्येक हात मला पाठ होता, पण आत कधी पाहिलं नव्हतं. पाणी खूप खाली, काळं आणि स्वच्छ होतं. मी टेप सोडला. तो पाण्याला लागला तेव्हा बारीकसा आवाज झाला. आकडा काकीच्या आकड्याला बोटभरही सोडून नव्हता. मला इतका आनंद झाला की मी ओरडून तिला सांगितलं. ती पाठ न वळवता म्हणाली, "मले माहीत होतं. जाय आता घरी."

त्या महिन्यात मी नीट जेवलो. मशीनला आकडे वाचता यावेत म्हणून कार्डांना भोकं पाडून घेतली, ती तेलाच्या रिकाम्या डब्यात क्रमाने लावली. एकच माप उरलं होतं.

ती अवस फाल्गुनाची. दुसऱ्या दिवशी पाडवा. एसटीतून उतरून शेतांमधल्या पांदीनं चालायला लागलो, ऊन चांगलंच तापलं होतं आणि शिवारात बैल सुटे चरत होते. अर्ध्या वाटेवर मला आवाज आला. मी थांबलो. आधी वाटलं दूरची मोटार असेल. मग पुढे गेलो आणि आवाज मोठा होत गेला. ते इंजन होतं. अवसेच्या दिवशी.

काकीच्या विहिरीवर दिराचं इंजन लावलेलं होतं. पाइपातून पाणी धो धो नाल्यात सोडलं होतं. गव्हाची कापणी झाली होती, ओलितालाही काही नव्हतं, तरी नुसतं वाहत होतं. दीर दगडावर बसला होता. माणूस वाईट नव्हता, एरवी मला चहा विचारायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"केनवडच्या सोयऱ्याईच्या कानावर गेलं," थोड्या वेळानं तो इंजनाच्या वर आवाज चढवून म्हणाला. "कोनं सांगतलं काय माहीत. त्याईनं विचारलं, तुमच्या हिरीत कोन उतरलं. पोरीचं लग्न हाय बापू. मी काय करू? आज उपसाची, उद्या पाडव्याले नवं पाणी. तुह्याशी माहं वैर नाई."

मी समितीत जे बोललो होतो ते माझ्यासमोर नाल्यातून वाहत होतं, आणि तिथे हसायला कुणी नव्हतं.

काकी शेतातल्या घराच्या ओट्यावर होती. मी आलेला तिनं पाहिला होता. ती उठून आली, दिराच्या देखत सरळ विहिरीपाशी आली आणि मला म्हणाली, "घे माप."

"वैनी," दीर म्हणाला.

"आता काय राह्यलं त्याच्यात? गाळ उपसला तुमीनं. गाळाले कोनाचा इटाळ होते?" मग मला, "घे नं. त्याईले तुहा हात पायजे म्हणलं न?"

मी काठाशी गेलो. तळ दिसत होता. एका कोपऱ्यात कुणाची तरी जुनी घागर गाळात रुतली होती. मी टेप सोडला, तो चिखलात टेकला, आवाज झाला नाही. मी आकडा लिहिला. टेप गुंडाळताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मी पुसलं नाही. तिथे लपवण्यासारखं कुणापाशीच काही नव्हतं.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते उठले, टोपी घातली आणि पोलीस ठाण्याकडे निघाले. मी त्यांच्या पाया पडून त्यांना थांबवलं. तक्रार झाली असती तर साक्ष काकीला द्यावी लागली असती. वडील परत खाटेवर बसले आणि टोपी काढायची विसरून तसेच बसून राहिले. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा म्हातारे दिसले.

सर म्हणाले, हा दुसरा आकडा मशीनचं सगळं गणित बिघडवेल. मी तो तसाच पाठवला, शेजारी एक ओळ लिहून, 'मोजणीच्या वेळी इंजिन चालू होतं'. ही ओळ खरी होती. समितीनं ती मान्य केली, की वाचलीच नाही, मला कळलं नाही. मागितले होते त्याच्या निम्म्याहून कमी तास मिळाले, तेही इतरांचे उरलेले. पण मिळाले. शिष्यवृत्ती संपायच्या आत मी तेलाचा डबा मांडीवर घेऊन मुंबईला गेलो आणि काचेबाहेर उभा राहून माझी कार्डं आत जाताना पाहिली. मशीनचा आवाज काचेतूनही येत होता. त्यात इंजनासारखं काहीच नव्हतं, तरी मला दरदरून घाम फुटला.

गणित सुटलं. पट्ट्यातल्या विहिरी कुठवर खोल नेता येतील ते आलं. प्रोग्रॅममध्ये मी एक सोय करून ठेवली होती. एखादं माप हिशेबापेक्षा फारच वेगळं आलं, तर मशीननं त्यापुढे चांदणी छापावी. मशीननं छापलेले घडीचे कागद मी वसतिगृहाच्या फरशीवर पसरले आणि गुडघ्यावर बसून पाहत गेलो. सगळ्या विहिरी, सगळ्या अवसा, धोंड्याच्या महिन्याचीसुद्धा. काकीची मापं तर सगळ्यात चोख होती. सगळ्या कागदांवर मिळून चांदणी एकच होती, काकीच्या विहिरीपुढे, फाल्गुनाची.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "इथे काय झालं?"

"इंजिन चालू होतं, सर."

त्यांनी माझा प्रबंध वाचलेला होता. "पण तुम्हीच लिहिलंय, अमावस्येला तिकडे कुणी इंजिन चालवत नाही."

"नाही चालवत," मी म्हणालो.

ते थोडा वेळ थांबले, मी पुढे बोलेन म्हणून. मी बोललो नाही. एकदा या गोष्टीवर लोक हसलेले मी पाहिले होते. त्यांनी पान उलटलं.

पदवी मिळाल्यावर मी पेढे घेऊन शेलूबाजारला उतरलो आणि चालत काकीच्या शेतात गेलो. केनवडचं लग्न होऊन गेलं होतं. शिवार गप्प होतं. काकीनं पेढा घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि विचारलं, "माही हीर कशी निंघाली मशीनात?"

"सगळ्यात चांगली, काकी. एक माप तेवढं चुकलं. त्या फाल्गुनाचं."

"ते नाई चुकलं बापू," ती म्हणाली. "त्या दिवशी पाणी नोतंच त्याच्यात. ते बरोबर हाय."

माझ्याकडे आता मशीनचे तास नव्हते आणि मापाचं मला काही कामही नव्हतं. तरी ती उठली. मी सवयीनं चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. तिनं दोराला दगड बांधला आणि तो विहिरीत सोडला, कारण त्या दिवशी अवस होती.